राहायचं ठरवलंय, की राहून गेलोय?

जून २०२२ला संपलेल्या तिमाहीत इन्फोसिसनं आपणहून नोकरी सोडणाऱ्यांचा वार्षिक दर जाहीर केला, तो २८.४ टक्के होता. दोन वर्षांनी, जून २०२४च्या तिमाहीत, हाच दर १२.७ टक्क्यांवर उतरला. जुलै २०२५मध्ये टीसीएसनं मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कपात करणार असल्याचं सांगितलं. ही कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या पदांवर होईल, हेही तेव्हाच स्पष्ट केलं.

या तीन वर्षांत माणसांचे स्वभाव बदलले नव्हते. २०२२मध्ये नोटीस पिरियडवर असतानाच आणखी दोन ऑफर मिळवणारा इंजिनिअर आणि २०२४मध्ये अप्रेझलला नाममात्र हाइक मिळूनही गप्प बसलेला इंजिनिअर हे बहुधा एकाच वयाचे, एकाच कॉलेजातून आलेले, वाकड किंवा खराडीत सारख्याच फ्लॅटचे हप्ते भरणारे. दोघांनाही विचारलं, तर निर्णय आपलाच होता असं दोघंही सांगतील. आकडे मात्र सांगतात, की बाजार वर गेला तेव्हा लोक निघाले आणि खाली आला तेव्हा थांबले.

आयटीतली नोकरी सोडावी की तिथंच राहावं, ही चर्चा हिंजवडीच्या टपऱ्यांवर, कंपनीच्या बसमध्ये आणि रविवारी सासरच्या जेवणावरही चालते. त्या चर्चेत एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. सोडून जाणाऱ्याला सगळे हिशेब विचारतात. पुढं काय? पगार किती? घराच्या हप्त्याचं काय? राहणाऱ्याला कुणीच काही विचारत नाही. तो स्वतःलाही विचारत नाही. पण राहणं हाही निर्णयच आहे, त्याचीही किंमत असते आणि तिचा हिशेब तितक्याच कसोशीनं मांडायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

वडिलांचा सल्ला कुठून येतो

‘आहे ते धरून ठेव’ हा सल्ला पुण्याच्या, आणि एकूणच मराठी मध्यमवर्गीय घरांत प्रेमानंच दिला जातो. तो कोणत्या नोकरीतून आला, हे पाहिलं की त्याची मर्यादा कळते. पिंपरीत १९५४मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि साठच्या दशकात टेल्को, बजाजसारखे कारखाने आले. तिथं कायम झालेल्या कामगारामागं युनियन होती, करार होते, औद्योगिक विवाद कायदा होता. जितकी वर्षं जास्त, तितका पगार आणि मान जास्त. कामावर शिकलेलं कसब वीस वर्षं पुरायचं. अशा नोकरीत टिकून राहणं हेच शहाणपण होतं. तीही कायमची शाश्वती नव्हती. बजाजनं २००७मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं, तेव्हा अनेक घरांनी ते अनुभवलं.

आयटी त्याच शहरात, पण वेगळ्या पायावर वाढली. १९८१ साली सात इंजिनिअरांनी पुण्यात इन्फोसिस सुरू केली. त्याच वर्षी टाटांचं संशोधन केंद्र, टीआरडीडीसी, इथं आलं. १९८८मध्ये सी-डॅक स्थापन झालं आणि १९९०मध्ये पर्सिस्टंट. या कंपन्यांना लागणारी मुलं कुठून आली, याचं उत्तर १९८३मध्ये आहे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि सांगली, जळगाव, लातूर, अहमदनगरकडच्या शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, एसटीतल्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना इंजिनिअर होण्याची वाट खुली झाली. घरातला पहिला पदवीधर आणि पहिला मोठा पगार एकाच वेळी आले.

म्हणून या नोकरीवर पगाराहून अधिक काही टेकलेलं असतं. गावाकडच्या घराची दुरुस्ती, बहिणीचं लग्न, वडिलांची बायपास, धाकट्याची फी, सगळं त्याच खात्यातून जातं. अशा माणसाला ‘मनाचं ऐक, सोडून दे’ असं सांगणं निष्ठुरपणाचं आहे. पण आयटीत एका जागी घालवलेली वर्षं आपोआप मोल वाढवत नाहीत, हेही त्याला कुणीतरी सांगितलं पाहिजे. मोठ्या सेवा-कंपन्यांत नवख्या इंजिनिअरचा वार्षिक पगार दशकाहून अधिक काळ तीन ते चार लाखांच्या पट्ट्यातच राहिला आहे. आतल्या आत मिळणारी वाढ बहुतेकदा एक आकडी असते. मोठी उडी कंपनी बदलल्यावरच मिळते. तरुण मुलं दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलतात, म्हणून त्यांना अस्थिर म्हणणं चूक आहे. या धंद्यानं पगारवाढीची जी वाट ठेवली, त्याच वाटेनं ती चालतात.

राहण्याची किंमत

राहण्याची किंमत महिन्याच्या पगारपत्रकात दिसत नाही. ती साचत जाते.

समजा, एखादी व्यक्ती चौदा वर्षं एकाच कंपनीत आहे. पहिली पाच वर्षं कोड लिहिला. मग टीम लीड, मग मॅनेजर. आता दिवसभर कॉल, एक्सेल, स्टेटस रिपोर्ट, कुणाची रजा, कुणाचं अप्रेझल. क्लायंट एकच, त्याची प्रणाली पंधरा वर्षं जुनी, आणि तिचे सगळे खाचखळगे या व्यक्तीला पाठ. कंपनीत तिची किंमत मोठी आहे, पण ती त्या एका क्लायंटपुरती. उद्या करार संपला, तर बाजारात सांगण्यासारखं तिच्याकडं काय उरतं? २०२५च्या कपातीचा रोख नेमका या मधल्या थराकडं होता. त्याच वर्षी जूनपासून टीसीएसनं वर्षात किमान २२५ दिवस बिलिंगवर असण्याची अट घातली आणि बेंचवरचे दिवस ३५वर मर्यादित केले. पूर्वी दोन प्रकल्पांमधला काळ शिकून घेण्यात जायचा. आता तो मोजला जातो.

शरीराचा हिशेबही इथलाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तपुरवठ्याशी संबंधित विकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. ऑक्टोबर २०२३मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, तेव्हा देशभर वाद झाला. अमेरिकेच्या वेळेनुसार रात्री अकरापर्यंत कॉलवर बसणाऱ्या, त्याआधी भूमकर चौकात तास घालवलेल्या माणसासाठी तो वाद रोजच्या जगण्याचा होता. झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडत असेल, तर हिशेबाचा क्रम बदलावा लागतो. आधी डॉक्टर, मग रजा, मग खातं किंवा प्रकल्प बदलण्याची मागणी, आणि त्यानं फरक पडत नसेल तर नोकरी. राजीनामा हा उपचार नाही, पण काही जागा अशा असतात, की तिथं राहून उपचार लागू पडत नाही.

ग्रॅच्युइटीसाठी थांबू का?

हा प्रश्न फार घरांत विचारला जातो, म्हणून तो आकड्यांतच पाहू. ग्रॅच्युइटीचं सूत्र साधं आहे: शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. मूळ वेतन ५०,००० आणि सेवा आठ वर्षं असेल, तर रक्कम होते सुमारे २,३०,७७०. कमाल मर्यादा २० लाख. नियमित कर्मचाऱ्याला त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला ती एका वर्षानंतरही देऊ केली आहे. वेतनाची व्याख्याही बदलली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवणाऱ्या कंपन्यांत त्यामुळं ग्रॅच्युइटीचा पाया वाढेल.

आता हीच रक्कम घरखर्चाशेजारी ठेवू. हप्ता ५५,००० आणि बाकी खर्च तेवढाच असेल, तर आठ वर्षांची ग्रॅच्युइटी दोन महिन्यांच्या आसपास पुरते. पाच वर्षं पूर्ण व्हायला चार महिने उरले असतील, तर जरूर थांबावं. दीड-दोन वर्षं उरली असतील आणि काम कुजत चाललं असेल, तर त्या रकमेसाठी थांबणं महाग पडेल.

प्रॉव्हिडंट फंडाचं उलट आहे. तो नोकरी बदलल्यानं बुडत नाही. यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा क्रमांक, एकच राहतो आणि खातं पुढं नेता येतं. पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर ते सहसा करपात्र ठरतात, पण खातं वर्ग केलं तर आधीची सेवाही धरली जाते. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, तीही कंपन्या मिळून मोजली जाते. दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात पीएफ मोडून गाडी घेणं ही मला या धंद्यातली सर्वांत खर्चिक सवय वाटते.

निघण्याआधी घरात काय हवं

ज्यांना सोडायचं आहे त्यांनी, आणि ज्यांना राहायचं आहे त्यांनीही, काही गोष्टी नोकरी चालू असतानाच करून ठेवायला हव्यात. पहिली म्हणजे स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी. कंपनीचा गट विमा सहसा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि त्याच विम्यात आई-वडील असतात. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. विमा नियामकानं २०२४मध्ये त्याची कमाल मर्यादा चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली, पण ती तीन वर्षं कधीतरी सुरू व्हायला हवीत. ती पगार चालू असताना सुरू झालेली बरी.

दुसरी म्हणजे ऑफर लेटर पुन्हा वाचणं. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, तो विकत घेण्याची मुभा आहे की नाही, जॉइनिंग बोनसची परतफेड, शेअर मिळाले असतील तर ते कोणत्या तारखेला हातात येतात, हे सगळं तिथं लिहिलेलं असतं. बाँडविषयी दोन टोकांच्या समजुती ऐकू येतात. कुणी म्हणतं, त्याला काडीची किंमत नाही. कुणी घाबरून तीन वर्षं हलत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम २७ व्यवसायावर बंधन घालणारा करार निरर्थक ठरवतं, त्यामुळं नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जायचं नाही ही अट सहसा टिकत नाही. पण मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध धरली. नोकरी चालू असतानाचं बंधन आणि नोकरी संपल्यानंतरचं बंधन यांत न्यायालय फरक करतं. म्हणून बाँडमधली रक्कम किती आणि कंपनीनं प्रशिक्षणावर खरोखर काय खर्च केला, हे पाहून ठरवावं.

तिसरी गोष्ट सहा महिन्यांच्या खर्चाची. हा सल्ला जुना आहे, पण त्याचा अर्थ नीट सांगितला जात नाही. ती रक्कम बेकारीसाठी आहेच. त्याहून अधिक ती कामाच्या जागी ताठ बसता यावं यासाठी आहे. ज्याच्याकडं सहा महिन्यांचा खर्च आहे, तो शनिवारी काम करायला नकार देऊ शकतो, चुकीच्या अंदाजावर सही करणार नाही असं क्लायंटसमोर म्हणू शकतो. त्याचं राहणंही वेगळ्या दर्जाचं असतं.

‘तुम्हीच राजीनामा द्या’ असं सांगितलं तर

कपातीच्या काळात अनेकांना बैठकीला बोलावून राजीनामा देण्यास सुचवलं जातं. नाही दिला तर रिलीव्हिंग लेटरवर शेरा येईल, अशी भीती असते. राजीनामा आणि कपात यांत कायद्याच्या दृष्टीनं मोठा फरक आहे. कपात असेल, तर ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्याला नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागं पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाची भरपाई मिळण्याचा हक्क आहे. स्वतः राजीनामा दिला, की तो हक्क मागणं अवघड होतं. व्यवस्थापकीय काम करणारे या व्याख्येबाहेर राहतात, पण कोण कोणतं काम करतं हे प्रत्यक्ष कामावरून ठरतं; केवळ कार्डावर ‘मॅनेजर’ लिहिल्यानं नाही. दिवसभर कोड लिहिणाऱ्या किंवा टेस्टिंग करणाऱ्या माणसानं आपण कायद्याबाहेर आहोत असं परस्पर गृहीत धरू नये.

त्या खोलीत एकच गोष्ट करायची: त्याच दिवशी सही करायची नाही. कंपनीचं म्हणणं ईमेलवर मागायचं, घरी बोलायचं, वकिलाचा किंवा कामगार आयुक्तालयाचा सल्ला घ्यायचा. वाटाघाटीत दोन-तीन महिन्यांचा पगार, विम्याची मुदत, स्वच्छ अनुभवपत्र हे सगळं मागता येतं. नव्या वेतन संहितेनुसार नोकरी संपल्यावर, राजीनाम्यानंही, देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. फुल अँड फायनलसाठी महिनोन्महिने थांबणं हा नियम नव्हे.

साठ दिवस

न्यू जर्सी, टेक्सास किंवा बे एरियातल्या मराठी घरांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. एच-वन-बीवर असलेल्याची नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा व्हिसाचा दर्जा बदलायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि एका देशाच्या वाट्याला त्यांतली सात टक्के, त्यामुळं भारतीयांची रांग वर्षानुवर्षं सरकत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकी सरकारनं देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा केली, तेव्हा सुट्टीवर पुण्याला आलेल्या लोकांनी मिळेल ते विमान पकडलं. तिथं मॅनेजर आवडत नाही म्हणून नोकरी सोडणं ही चैन ठरते. अशा कुटुंबांत राहण्याचा हिशेब मुलांच्या शाळेवर आणि परतीच्या तयारीवर मांडावा लागतो: परतायचं झालं तर मुलगी कितवीत असेल, पुण्यात घर आहे का, आई-बाबांना कुणाची गरज आहे. हे प्रश्न साठ दिवसांत सुटत नाहीत. ते आधी, शांतपणे, दोघांनी बसून सोडवायचे असतात.

दोन पगारांचं घर

इन्फोसिसच्या जन्मकथेत दहा हजार रुपयांच्या भांडवलाचा उल्लेख नेहमी येतो. ते पैसे सुधा मूर्ती यांच्या बचतीतले होते आणि त्या स्वतः टेल्कोत काम केलेल्या इंजिनिअर होत्या. नोकरी डॉट कॉम उभारणारे संजीव बिखचंदानी यांनीही सांगितलं आहे, की नोकरी सोडल्यानंतरच्या वर्षांत घर पत्नीच्या पगारावर चाललं. धाडस एकाच्या नावावर नोंदलं जातं. त्याचा खर्च मात्र दोघं उचलतात. म्हणून सोडण्याचा विचार घरात शेवटी सांगायचा नसतो, तो घरातच सुरू व्हायला हवा.

याची दुसरी बाजू अधिक बोचणारी आहे. मूल झाल्यावर नोकरी कुणी सोडायची, हा प्रश्न बहुतेक मराठी घरांत विचारलाच जात नाही. उत्तर आधीच ठरलेलं असतं. पाळणाघराची फी बाईच्या पगारातून वजा करून ‘मग उरतं काय?’ असं म्हटलं जातं. मूल दोघांचं आहे, तर फी दोघांच्या पगारातून वजा व्हायला हवी. शिवाय तिच्या पुढच्या वीस वर्षांच्या बढत्या, पीएफ, स्वतःचं नाव यांचा आकडा त्या वजाबाकीत कुठंच नसतो. २०१७च्या दुरुस्तीनं २६ आठवड्यांची प्रसूतिरजा आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक केली. ती सोय प्रत्यक्षात आहे का, हे विचारणं हासुद्धा राहण्याच्या निर्णयाचा भाग आहे. तिनं सोडायचं ठरवलं, तर तो तिचा निर्णय असावा. घरानं गृहीत धरलेली गोष्ट नसावी.

गेलेल्यांच्या गोष्टी

सोडून गेलेल्यांच्या गोष्टी आपल्याला आवडतात. सोलापूरचे अच्युत गोडबोले यांनी आयटीत कंपनीप्रमुखाच्या पदापर्यंत तीन दशकं काढली आणि मग लेखनाकडं वळून विज्ञान, अर्थशास्त्र, मानसशास्त्र मराठीत आणलं. आनंद देशपांडे अमेरिकेतलं एचपीच्या प्रयोगशाळेतलं काम सोडून पुण्यात आले आणि पर्सिस्टंट उभी केली. या गोष्टी खऱ्या आहेत आणि प्रेरणा देणाऱ्याही. पण दोघांनीही निघताना शिदोरी बांधलेली होती: एकाकडं तीस वर्षांचा अनुभव, दुसऱ्याकडं संगणकशास्त्रातली पीएचडी. ज्यांचं कॅफे वर्षभरात बंद पडलं, ज्यांचं स्टार्टअप भागीदाराच्या भांडणात संपलं, जे तीन वर्षं सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षा देऊन पुन्हा टेस्टिंगच्या मुलाखतींना गेले, त्यांच्या गोष्टी कुणी छापत नाही.

आणि राहिलेल्यांच्याही छापत नाही. ज्यानं वडिलांच्या डायलिसिसची पाच वर्षं त्याच कंटाळवाण्या प्रकल्पावर काढली, जिनं लेकीची दहावी होईपर्यंत ऑनसाइट नाकारलं, त्यांनी हिशेब मांडूनच राहणं पत्करलं. त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. एखाद्या कारणासाठी, एखाद्या मुदतीपर्यंत राहणं आणि कारणाशिवाय राहून जाणं, यांतलं अंतर फार मोठं आहे.

दरवर्षीचा एक कागद

कंपनी दरवर्षी आपलं अप्रेझल करते. आपणही दरवर्षी एकदा कंपनीचं करावं, कागदावर, घरच्यांसोबत. गेल्या वर्षात मी असं काय शिकलो, जे दुसरी कंपनी पैसे देऊन विकत घेईल? उद्या पगार थांबला, तर घर किती महिने चालेल? या नोकरीनं झोप, तब्येत, मुलं यांतलं काय घेतलं? मी राहणार असेन, तर कशासाठी आणि कधीपर्यंत? शेवटच्या प्रश्नाला तारीख हवी. तारीख आली, की कागद पुन्हा काढायचा. वर्षातून एक-दोन मुलाखतीही द्याव्यात, सोडायचं नसलं तरी. आपल्या कामाचं बाजारातलं मोल त्याशिवाय कळत नाही.

या कागदानं सगळ्यांना स्वातंत्र्य मिळेल असं मी म्हणत नाही. हप्ते, आजारपणं, व्हिसाचे नियम, एका रात्रीत झालेल्या कपाती यांपुढं एकट्या माणसाचं नियोजन तोकडं पडतं. म्हणून नोकरीच्या शाश्वतीचा, कामाच्या तासांचा, पाळणाघराचा लढा आयटीतल्या लोकांनी एकत्र येऊन लढायला हवा, आणि आपण ‘कामगार’ नाही हा जुना समज सोडायला हवा. पण तो लढा देण्यासाठीही पायाखाली जमीन लागते. ज्याला वाटलं तर निघता येतं, त्याच माणसाला राहून भांडता येतं. इतकी मोकळीक कमावणं हे पुढच्या हाइकपेक्षा मोलाचं काम आहे, आणि ते आजच्या नोकरीत, आजच्या पगारातच सुरू करावं लागतं.